रंग फसवतो, नंबर नाही

आज आम्ही तुम्हाला इंग्लंडातल्या एका छोट्या मोटारसायकलची गोष्ट सांगणार आहोत. तिचं नाव बीएसए बँटम. बँटम म्हणजे कोंबड्यांची ठेंगणी जात. गाडीच्या टाकीवर कोंबड्याचं चित्रही असायचं.

बीएसए ही बर्मिंगहॅमची, मूळची बंदुका बनवणारी कंपनी. बँटमचा आराखडा मात्र तिचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झाला, तेव्हा डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या गाडीचा आराखडा युद्धाची भरपाई म्हणून जिंकलेल्या देशांकडे गेला. त्यावरून अमेरिकेत गाडी निघाली, रशियात निघाली आणि इंग्लंडातही. बीएसएने तो आराखडा आरशात दिसावा तसा उलटा केला. त्यामुळे गियर इंग्रजांच्या सवयीप्रमाणे उजव्या पायाशी आला.

1948 साली पहिली बँटम आली, डी-1. इंजिन 123 सीसीचं, गियर तीन, रंग फिकट हिरवा. स्वस्त, हलकी, दुरुस्तीला सोपी. कामगार तिच्यावरून कामाला जाऊ लागले. पोस्टाची मुलं लाल बँटमवरून तारा पोचवू लागली. पेगी थॉमस नावाची तरुणी तर मागे आपला कुत्रा बसवून कॅनडा, अमेरिका, मेक्सिको असा सुमारे 22 हजार किलोमीटर प्रवास करून आली!

1971 पर्यंत बँटम बनत राहिली. आज हौशी लोक ती जपतात, आणि घेताना आधी ओळख पटवतात. पहिल्या डी-1 ला मागे स्प्रिंगच नव्हती. 1954 च्या डी-3 चं इंजिन 150 सीसीच्या आसपासचं, 1958 च्या डी-5 चं आणखी मोठं. 1968 च्या डी-14 ला चार गियर. पण एवढ्या वर्षांत टाक्या बदलल्या, इंजिनं बदलली. पोस्टाच्या लाल गाडीला हिरवा रंग दिला की ती नुसत्या नजरेला ओळखू येत नाही. म्हणून जाणकार रंगाकडे नंतर बघतात. आधी इंजिनावर आणि सांगाड्यावर ठोकलेले नंबर वाचतात. नंबराआधीची अक्षरं मॉडेल सांगतात. मग ते कागदाशी ताडून पाहतात.

मैत्रिणींनो, हे आपल्याही कामाचं आहे. गटाचं कर्ज काढून जुनी स्कूटी घेताना चकाकी पाहून पैसे मोजू नका. इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतः वाचा, आरसीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवा. आधीचं कर्ज बाकी आहे का, तेही विचारा. आणि एक विसरू नका. हप्ते तुम्ही फेडणार असाल, तर आरसीवर मालक म्हणून नावही तुमचंच हवं. गाडी कुणाची, हे शेवटी कागदच सांगतो.