माइती नेपाळ

मानवी तस्करीविरुद्ध जनजागृती, सुटका व पुनर्वसन करणारी नेपाळमधील स्वयंसेवी संस्था. स्थापना १९९३, काठमांडू. संस्थापक अनुराधा कोइराला त्यापूर्वी शाळेत इंग्रजी शिकवत. नेपाळीत ‘माइती’ म्हणजे माहेर. विकल्या गेलेल्या मुलीला परतल्यावर बहुधा घरचेच दार बंद असते. हे नाव म्हणूनच फार नेमके आहे.

भारत-नेपाळ सीमा १,७०० किलोमीटरहून लांब असून ती ओलांडायला नागरिकांना व्हिसा लागत नाही. सिंधुपाल्चोक, नुवाकोट अशा डोंगरी जिल्ह्यांतून मुंबईच्या कामाठीपुऱ्यापर्यंत मुली पोचवल्या गेल्या. नेणारा सहसा परका नसतो. गावातला, नात्यातला, कधी लग्न लावून नेलेला नवराच दलाल निघतो. त्यामुळे ‘अनोळखी माणसापासून सावध राहा’ एवढे सांगून येथे भागत नाही. नोकरीचे ठिकाण कोणते, पगार कोण देणार, सोबत कोण, हे विचारायला संस्था मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना गावोगावी शिकवते. नेपाळीत या व्यापाराला ‘चेलीबेटी बेचबिखन’ म्हणतात. लेकीबाळींची विक्री, असा त्याचा उघड अर्थ आहे.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतील कुंटणखान्यांवर धाडी पडून शेकडो मुली सुटल्या. त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. नेपाळ सरकारने त्यांना परत घेण्यास टाळाटाळ केली आणि त्यांचे महिनोन्‌महिने महाराष्ट्रातील सुधारगृहांत गेले. अखेर माइती नेपाळसह काही स्वयंसेवी संस्थांनी सव्वाशेच्या आसपास मुलींना मायदेशी नेले. सुटका झाली तरी घर मिळतेच असे नाही, हे या प्रकरणाने दोन्ही देशांना दाखवले.

कोइराला यांना २०१० मध्ये ‘सीएनएन हीरो ऑफ द इयर’ आणि २०१७ मध्ये भारत सरकारचा पद्मश्री सन्मान मिळाला.

संस्थेचे सर्वांत लक्षणीय काम सीमेवरच्या नाक्यांवर चालते. काकरभिट्टासारख्या ठिकाणी स्वतः तस्करीतून सुटून आलेल्या स्त्रियाही पहारा देतात. दलालाची बोली आणि मुलीच्या चेहऱ्यावरचा गोंधळ त्यांना ओळखू येतो. संशय आल्यास दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारतात. उत्तरे जुळली नाहीत, तर घरी चौकशी होते आणि मुलीला संस्थेच्या निवासात थांबवून घेतात. अशा अडवणुकीने स्वखुशीने कामाला निघालेल्या प्रौढ स्त्रियांचीही वाट रोखली जाते, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे, आणि तो रास्त आहे.