नदीचें वाळवंट आणि चाळणी



आमच्या धामणगांव बढ्याकडील ओढ्यांचें पाणी शेवटीं पूर्णेस मिळतें आणि पूर्णेचें तापीस. पावसाळा ओसरला म्हणजे अशा पात्रांत वाळू-गोट्यांचे थर उघडे पडतात. घर बांधणारा तेथें वाळू पाहतो. जीवाश्मांचा शोधक तेथें जुनें दप्तर पाहतो. मात्र हें दप्तर पुरानें विसकटलेलें असतें. तें वेचण्याची रीत मनुष्यास कशी साधली, तें आज सांगावयाचें आहे.

आरंभीं साधन एकच होतें, तें म्हणजे डोळा. गोदावरीकांठीं नांदूर मध्यमेश्वर येथें मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांचें वर्णन पिल्ग्रिम यांनीं १९०५ सालीं प्रसिद्ध केलें. असलें हाड कोणासही दिसेल; पण उंदराएवढ्या प्राण्याचा दांत कसा दिसावा? केवळ डोळ्यावर विसंबल्यानें प्राचीन सृष्टि जणूं थोरामोठ्यांचीच होती, असा ग्रह होतो.

ही उणीव चाळणीनें भरून काढली. इंग्लंडांत चार्लस मूर या गृहस्थानें १८५८ च्या सुमारास होलवेल येथील खडकाच्या भेगांतील सुमारें ३ टन माती बाथ शहरीं आणून धुतली, तेव्हां तींत अतिप्राचीन सस्तन प्राण्यांचे चिमुकले दांत मिळाले. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोनें काढणारा आपला झारेकरी याहून निराळें काय करतो?

रीत सोपी, पण धीराची आहे. माती कोणत्या थरांतून घेतली तें टिपून पोत्यावर खूण करावी. माती उन्हांत वाळवून पाण्यांत भिजत घालावी; वाळलेली चिकणमाती भिजतांच फुटते. मोठ्या भोकांच्या चाळणीखालीं बारीक जाळीची चाळणी ठेवून पाण्यांतच हलके हेलकावे द्यावे. घासूं नये, दांत मोडतात. गोटे वर राहतात, गाळ वाहून जातो आणि मध्यें उरलेला जाडा रवा वाळवून भिंगाखालीं कुंचल्याच्या टोकानें निवडावा.

नागपुरास राहून टाकळीचे जीवाश्म गोळा करणारे पाद्री स्टीफन हिस्लॉप १८६३ सालीं पुरांत बुडून वारले. पुढें प्रसाद व साहनी यांनीं आजच्या तेलंगणांतील नस्कल येथें, दख्खनच्या लाव्हाथरांमधील माती याच रीतीनें धुतली. तींत मिळालेल्या सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींच्या सस्तन प्राण्याच्या बारीक दांतांस त्यांनीं १९८८ सालीं हिस्लॉप यांचें नांव दिलें. तो भारतांतील त्या काळाचा पहिला ज्ञात सस्तन प्राणी ठरला. डोळ्यास जें सव्वाशें वर्षें दिसलें नाहीं, तें चाळणीनें दाखविलें.

परंतु चाळणी सर्वज्ञ नव्हे. नर्मदाकांठीं हथनोरा येथें अरुण सोनकिया यांस ५ डिसेंबर १९८२ रोजीं प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला, तो चुन्यासारख्या द्रव्यानें घट्ट सांधलेल्या गोट्यांत. तेथें जाळी निरुपयोगी, छिन्नीच हवी. शिवाय चाळणींत पडलेल्या दांतास आपला थर सांगतां येत नाहीं. तो आधींच टिपला नसेल, तर दांत हातीं येतो आणि इतिहास निसटतो.

आज नदीपात्रांतून वाळू उपसली जाते, तेव्हां हेंच घडतें, आणि तेंही टिपण न ठेवतां. म्हणून विनंती इतकीच कीं, गोट्यांत जड, दगडासारखें झालेलें हाड आढळलें, तर तें उचलण्यापूर्वीं जागा टिपावी व जाणत्यास कळवावें. दगड घरीं नेतां येतो. त्याचा पत्ता मात्र नदीकांठींच राहतो.