ऐकावे जनाचे, पण कोणाचे?

गेल्या महिन्यात पुतण्या मोबाइल घेऊन माझ्यापुढं बसला. पहिली गाडी घ्यायची होती. थोडी शिल्लक, बाकी सात वर्षांचे हप्ते. म्हणाला, ''चाचा, हजारो लोकांनी हिला पाच तारे दिलेत. आता आणखी काय बघायचं?'' मी म्हटलं, ''बाळा, तारे मोजण्याआधी ते कोणी लावले ते बघ.'' तो हसला. मला मात्र गाडीविषयीच्या जनमताचा गेल्या पन्नास वर्षांतला प्रवास आठवला.

आमच्या लहानपणी गाडी म्हटलं की बहुतेकांपुढं दोनच नावं असत. कुर्ल्याची फियाट, नाहीतर बंगालमधल्या उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. जिथं निवडच नाही, तिथं मत कोणाचं विचारणार? मत लागायचं ते जुनी गाडी घेताना, आणि ते मोहल्ल्यातल्या मिस्त्रीचं. तो बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकायचा, धुराचा रंग बघायचा आणि दोन शब्दांत निकाल द्यायचा. त्याचं चुकलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारात जाऊन जाब विचारता यायचा. मत आणि माणूस एकाच गल्लीत राहत होते.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, १९९१नंतर बाजार खुला झाला आणि निवड वाढली. १९९८च्या अखेरीस टाटांची इंडिका आली, आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये तयार झालेली. लाखाहून अधिक लोकांनी नोंदणी केली. पण गाड्या घरी पोहोचल्या आणि अ‍ॅव्हरेजच्या, ताकदीच्या तक्रारी सुरू झाल्या. कंपनीनं त्या मनावर घेतल्या, गाडीत सुधारणा केल्या आणि २००१मध्ये 'इंडिका व्ही-टू' आणली. ती चांगली चालली. टॅक्सीच्या धंद्यात तर तिनं पाय रोवले. समजा, २००३ साली कोणी १९९९च्या तक्रारी ऐकून ही गाडी नाकारली असती, तर? तक्रारी खऱ्या, पण निर्णय चुकीचा. म्हणून अभिप्राय वाचताना आधी तारीख बघावी. मॉडेल कुठल्या सालचं, पेट्रोल की डिझेल, किती किलोमीटर चालल्यावर लिहिलंय, हे बघावं. आठ दिवसांपूर्वी गाडी घेतलेल्याचा आनंद हा नव्या लग्नाचा आनंद असतो. संसार कसा चाललाय, ते चार वर्षांनी विचारावं.

दुसरा धडा २०१४चा. त्या जानेवारीत 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेनं भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची धडक चाचणी घेतली. ताशी ६४ किलोमीटर वेगानं झालेल्या या चाचणीत, मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. यातल्या काही गाड्यांवर मालकांचा फार जीव होता. ते खोटं बोलत नव्हते. त्यांची गाडी कधी धडकलीच नव्हती, मग त्यांना कळणार कसं? त्यातल्याच पोलो गाडीची दोन एअरबॅग बसवलेली आवृत्ती तपासली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. नाव तेच, गाडी वेगळी. गाडीतली जागा, अ‍ॅव्हरेज, सर्व्हिसिंगचा खर्च हे मालकाला विचारावं. जीव वाचेल का, हे मात्र चाचणीच्या अहवालालाच विचारावं. १ ऑक्टोबर २०२३पासून 'भारत एनकॅप' ही आपली चाचणीही सुरू झाली आहे.

आणि खोटं बोलणारे? तेही आहेतच. पैसे घेऊन स्तुती लिहिणारे आणि पैसे घेऊन बदनामी करणारे. भाटांची जात जुनीच, दरबार तेवढा बदलला. नोव्हेंबर २०२२मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणलं. लिहिणारा खरा आहे का याची खात्री करावी, विकत घेतलेली मतं छापू नयेत, असं ते सांगतं. पण ते आणलं गेलं ऐच्छिक म्हणून. तेव्हा शेवटची राखण आपलीच.

पुतण्याला मी पाच तारे आणि एक तारा, दोन्ही बाजूला ठेवायला सांगितले. भक्तही नको, वैरीही नको. तीन ताऱ्यांवाले वाच म्हटलं, कारण ती माणसं बरं आणि वाईट दोन्ही सांगतात. एकमेकांना न ओळखणारे चौघं एकच दोष सांगत असतील, तर तिथं थांब. त्यानं वाचलं. चढावर गाडी दमते, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. आम्हाला घाट क्वचितच लागतो, म्हणून तो दोष त्यानं सोडून दिला.

मग टेस्ट ड्राइव्हला तो त्याच्या अम्मीला घेऊन गेला. भाभींचे गुडघे दुखतात. मागच्या सीटवर बसताना त्यांना दोनदा दाराला धरावं लागलं. उतरताना त्या काही बोलल्या नाहीत, पण पोरानं बघितलं. हजारो अभिप्रायांत त्या गुडघ्यांविषयी एक ओळ नव्हती.

ती गाडी त्यानं घेतली नाही. दुसरी घेतली, पोरांच्या भाषेत जरा कमी ताऱ्यांची. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं आपल्याकडं म्हणतात. त्या मनात आपल्या घरातली माणसं असली, म्हणजे झालं.