आराखडा वस्तूवर उतरतो कसा: लेझर प्रोजेक्टर आणि त्याच्या जुळवणीचा इतिहास

पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही लोखंडी पट्टीवर खडू फासून स्क्राइबरने रेषा ओढली असेल. ड्रॉइंगवर ‘काठापासून ३५ मिमी’ असे लिहिलेले असते. तुम्ही कोणता काठ धरला, तो काठ स्वतः सरळ आहे का, पट्टीचा शून्य नेमका तिथे टेकला का, यावर पुढचे भोक कुठे पडणार हे ठरते. कागदावरची रेषा बिनचूक असली तरी ती वस्तूवर नेताना चूक शिरते. हे नेण्याचे काम आज विमानाच्या भागांसाठी लेझर प्रोजेक्टर करतो. छताजवळ बसवलेली लहानशी पेटी काळ्या साच्यावर हिरवी बाह्यरेषा टाकते आणि कामगार त्या रेषेला लावून कार्बनचे कापड अंथरतो. हे यंत्र नवे वाटते, पण त्याने सोडवलेला प्रश्न फार जुना आहे. आपण तिथूनच सुरुवात करू.

सर्वांत जुना उपाय म्हणजे आराखडा खऱ्या मापाने, कामाच्या जागीच काढणे. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या कॅथेड्रलमध्ये मध्ययुगीन पाथरवटांची चुनेगच्चीची जमीन अजून आहे. तिच्यावर खिडक्यांच्या नक्षीच्या रेषा पूर्ण आकारात कोरलेल्या दिसतात. आपल्याकडे भोपाळजवळच्या भोजपूरला, अकराव्या शतकातल्या अपुऱ्या राहिलेल्या शिवमंदिराभोवतीच्या खडकांवर मंदिराच्या भागांच्या रेखाकृती कोरलेल्या आहेत. मंदिर अपुरे राहिले म्हणूनच त्या रेषा आपल्याला इतक्या ठळक दिसतात. कधी त्या बाजूला गेलात तर देवळापेक्षा खडकांना थोडा जास्त वेळ द्या.

जहाजबांधणीत याच पद्धतीला मोल्ड लॉफ्ट म्हणत. मोठ्या माळ्याच्या लाकडी जमिनीवर जहाजाचे प्रत्येक छेदचित्र पूर्ण आकारात काढायचे, त्यावरून पातळ फळ्यांचे नमुने कापायचे आणि ते नमुने घेऊन सागवान तासायचे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले ‘ट्रिंकोमली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जतन केलेले आहे. त्याचे नकाशे ‘जावा’ या जहाजातून मुंबईला यायला निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन जहाज ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पाडाव केला आणि नकाशे गेले. दुसरी प्रत येईपर्यंत मुंबईत सागवान होते, जमशेटजी वाडियांसारखे कसबी लोक होते, पण जहाज बांधता येत नव्हते. आराखडा आणि माल यांच्यातला दुवा तुटला की काय होते, याचे इतके सरळ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

विमानांनी लॉफ्टिंग हा शब्द जहाजांकडूनच उचलला. दुसऱ्या महायुद्धात विमानांची संख्या इतकी वाढली की जमिनीवर रेषा काढून भागेना. नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनमध्ये रॉय लायमिंग यांनी विमानाचे वक्र शंकुच्छेदांच्या समीकरणांनी मांडले. मस्टँग हे लढाऊ विमान त्यातलेच. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९४४ चे. तेव्हापासून आकार जमिनीवरून समीकरणात गेला, पुढे संगणकात गेला. पण एक गैरसोय झाली. पूर्वी रेषा डोळ्यांसमोर होती. आता ती आकड्यांत होती, आणि कामगाराला मात्र रेषाच हवी होती. त्यामुळे पत्र्याचे आणि पुढे पारदर्शक फिल्मचे नमुने कापत राहावे लागले. प्रत्येक थराला वेगळा नमुना, आणि डिझाइन बदलले की सगळे नमुने रद्द.

आता दुसरा धागा घेऊ; तो सर्व्हेइंगचा आहे. सिव्हिलच्या मित्रांना प्लेन टेबलवरचा त्रिबिंदू प्रश्न आठवत असेल: तीन ज्ञात ठिकाणे दिसत आहेत, तर मी कुठे उभा आहे? डच गणिती स्नेल (होय, अपवर्तनाच्या नियमाचा) याने १६१७ मध्ये लायडेनच्या मनोऱ्यांच्या दिशा घेऊन आपल्या घराचे स्थान असेच काढले. या पद्धतीला रिसेक्शन म्हणतात. १८०२ मध्ये लॅम्टनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजून जे प्रचंड सर्वेक्षण सुरू केले, तेही दिशांच्या मोजणीवरच उभे राहिले. निरीक्षणे गरजेपेक्षा जास्त असली आणि ती एकमेकांशी किंचित विसंगत असली, तर काय करायचे? त्याचे उत्तर लजांद्रने १८०५ मध्ये प्रसिद्ध केले: न्यूनतम वर्ग पद्धत. गाउसने १८०९ मध्ये आपली मांडणी छापली आणि ही पद्धत आपण आधीपासून वापरत होतो असा दावा केला. तो वाद इथे सोडून देऊ.

तिसरा धागा आरशाचा. अटलांटिकखालून टाकलेल्या तारेतला क्षीण विद्युतप्रवाह ओळखण्यासाठी विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५८ मध्ये आरशाचा गॅल्व्हनोमीटर वापरला. चुंबकाला चिकटवलेला इवलासा आरसा, त्यावर दिव्याचा किरण, आणि समोरच्या पट्टीवर सरकणारा ठिपका. आरसा θ कोनातून वळला तर परावर्तित किरण २θ कोनातून वळतो, हे तुम्ही अकरावी-बारावीत शिकलात. थॉमसनना ठिपक्यावरून प्रवाह कळायचा. लेझर प्रोजेक्टर याच्या उलट वागतो. तो ठरवून प्रवाह देतो आणि ठिपका हव्या त्या जागी नेतो. त्यासाठी दोन आरसे लागतात, एक आडव्या दिशेसाठी व एक उभ्या.

मग फक्त चांगला किरण हवा होता. थिओडोर मेमनने १६ मे १९६० रोजी माणकाचा पहिला लेझर चालवला, आणि १९६२ मध्ये हेलियम-निऑन लेझरचा तांबडा, डोळ्यांना दिसणारा किरण मिळाला. सरळ रेषा हवी असणाऱ्यांनी तो लगेच उचलला. स्टॅनफर्डच्या सुमारे ३ किलोमीटर लांबीच्या रेषीय त्वरकाची जुळवणी या लेझरने केली गेली. आरशांनी किरण नाचवण्याची गोष्ट मात्र लोकांनी आधी करमणुकीत पाहिली. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत ‘लेझेरियम’ हा प्रकाशखेळ सुरू झाला. लग्नाच्या वरातीत भिंतीवर फिरणारी हिरवी फुले आणि विमानाच्या पंखाच्या साच्यावरची रेषा यांचे घराणे एकच आहे. फरक इतकाच की वरातीतले फूल दोन मिलिमीटर सरकले तर कोणी तक्रार करत नाही.

हे तीन धागे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एकत्र आले, कारण कार्बन कंपोझिटचे भाग वाढू लागले. बोइंग ७८७ च्या ढाच्यात वजनाने निम्मे कंपोझिट आहे. आपल्या तेजसच्या पंखांची त्वचाही कार्बन कंपोझिटची आहे. असा भाग डझनावारी थरांचा असतो. प्रत्येक थराचा आकार आणि धाग्यांची दिशा वेगळी. इतके नमुने सांभाळण्यापेक्षा रेषा थेट प्रकाशाने टाकणे सोपे ठरले. काळ्या कापडावर तांबडी रेषा मंद दिसते. आपल्या डोळ्यांना ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश तेवढ्याच शक्तीच्या ६३३ नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा तीन ते चार पट उजळ भासतो. म्हणून हिरव्या रंगाला पसंती.

आता जुळवणीकडे येऊ. पेटी कुठेही टांगा, तिला साच्याच्या निर्देशांकांत स्वतःची जागा माहीत नसते. अज्ञाते सहा: तीन स्थानाची, तीन वळणांची. साच्यावर ज्ञात जागी परावर्तक टार्गेट बसवलेली असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश आला त्याच वाटेने परत जातो. प्रोजेक्टर किरणाने टार्गेट चाचपतो, परत येणारा प्रकाश ओळखतो आणि टार्गेटच्या मध्याचे दोन कोन नोंदवतो. तीन टार्गेट म्हणजे सहा समीकरणे. पण ग्रुनर्टने १८४१ मध्येच दाखवले होते की तीन बिंदूंनी चारपर्यंत उत्तरे निघू शकतात. म्हणून किमान चार घेतात, आणि शहाणी माणसे सहा. जास्तीच्या टार्गेटमुळे न्यूनतम वर्ग पद्धत लागू होते आणि उरलेली विसंगती, म्हणजे अवशेष, आकड्यात दिसते. टार्गेट एका रेषेत किंवा एका कोपऱ्यात गोळा केली तर अवशेष छान येतात, पण दूरच्या भागात रेषा भरकटते. ती कामाच्या क्षेत्राच्या कडांपर्यंत पसरलेली हवीत, आणि जमेल तेवढी वेगवेगळ्या उंचीवर.

कोन किती बारीक लागतो ते स्वतः काढून पाहा. ५ मीटरवर ०.५ मिमी म्हणजे ०.०००१ रेडियन, सुमारे २० सेकंद. आरशाच्या वाट्याला त्याच्या निम्मे, १० सेकंद. म्हणून यंत्र चालू करून तापमान स्थिरावेपर्यंत थांबायचे असते. घाईत हीच पायरी आधी गाळली जाते.

काही वर्षांपूर्वी उन्हाळी प्रशिक्षणाला विद्यार्थ्यांना घेऊन एका कारखान्यात गेलो होतो. साच्याच्या सपाट कडेवर सहा टार्गेट बसवली, जुळवणी चालवली, अवशेष ०.१ मिमीच्या आसपास आले. सगळे खूश, मीही. दोन थर अंथरून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, साच्यावर कोरलेली रेषा मध्ये जुळते, पण कडेला का नाही?” कडेला जवळजवळ ३ मिमीचा फरक होता. फाइलमध्ये भोकांच्या माथ्याचे निर्देशांक होते, आणि टार्गेटचा परावर्तक पृष्ठभाग त्याच्या ६ मिमी वर होता. सहाही टार्गेट एकाच दिशेने सारखीच चुकलेली, त्यामुळे गणिताने ती चूक निमूटपणे प्रोजेक्टरच्या स्थानात ढकलली. प्रोजेक्टर स्वतःला ६ मिमी खाली समजत होता. सरळ खाली पडणाऱ्या किरणाला त्याने काही फरक पडत नाही. २५ अंश तिरप्या किरणाला ६ × टॅन २५, म्हणजे २.८ मिमी बाहेर. फाइल मी स्वतः पाहिली होती. दोन्ही थर काढून फेकावे लागले. तेव्हापासून जुळवणीत न वापरलेल्या एक-दोन बिंदूंवर फुली टाकून पाहिल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही. अवशेष फक्त टार्गेटचे आपापसातले एकमत सांगतात. ती साच्याशी खरे बोलत आहेत का, हे वेगळे तपासावे लागते.

हेच टॅनचे गणित थरांनाही लागू होते. एक थर साधारण ०.१२५ मिमीचा धरला तर ४० थरांचे ५ मिमी झाले. ३० अंश तिरप्या किरणाची रेषा त्याने सुमारे २.९ मिमी सरकते. म्हणून सॉफ्टवेअरला प्रत्येक थरासाठी पृष्ठभाग तेवढा उचलून धरावा लागतो. तापमानाचेही तसेच. ४ मीटरचा ॲल्युमिनियमचा साचा १० अंशांनी तापला तर सुमारे ०.९ मिमी लांबतो. लॅम्टनची साखळी तंबूंच्या सावलीत, थर्मामीटर लावून मोजली जाई ती याच भीतीने. गियोमने १८९६ मध्ये शोधलेल्या इनवार मिश्रधातूचे साचे महाग असूनही वापरले जातात, त्याचेही कारण हेच.

मोजणीच्या सॉफ्टवेअरने यात मोठा बदल केला तो टार्गेटच्या निर्देशांकांत. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये लेझर ट्रॅकरची कल्पना आकाराला आली. आता ट्रॅकरने साच्यावरची टार्गेट आहेत तिथे मोजायची, सॉफ्टवेअरमध्ये ती मापे संगणकातल्या मॉडेलवर बसवायची, आणि तेच निर्देशांक प्रोजेक्टरला द्यायचे. ड्रॉइंगमधले अपेक्षित आकडे वापरायची गरज उरत नाही. पुढची पायरी त्याहून उपयोगी आहे. भाग मोजून कुठे किती उंच-सखल आहे ते काढले की तो आकडा आणि त्या भागाची सीमा प्रोजेक्टर थेट भागावरच लिहितो. घासणारा माणूस स्क्रीनकडे न बघता, हिरव्या रेषेच्या आत घासतो, पुन्हा मोजतो.

प्रयोगाच्या दिवशी तुमच्या गटाने पाच टार्गेटवर जुळवणी करावी, सहावे तपासणीसाठी राखावे, आणि प्रत्येक टार्गेटची उंची व्हर्नियरने मोजून वहीत लिहावी. जेवणाच्या सुट्टीनंतर सहाव्यावर पुन्हा फुली टाका आणि सकाळच्या फुलीपासूनचे अंतर नोंदवा. किरण ५ मिलिवॅटच्या आतला असला तरी टार्गेट लावताना पेटीच्या खिडकीत पाहू नका.