सेंद्रिय मत्स्यशेतीचे अर्थकारण : पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांच्या संदर्भात

प्रस्तावना : सेंद्रिय मत्स्यशेती हा निर्यातीच्या गरजेतून आलेला नवा व्यवसाय मानला जातो. युरोपीय संघाने २००९ मध्ये तिचे नियम निश्चित केले. संप्रेरकांचा वापर त्यात वर्ज्य आहे. तथापि, खाद्य व बीज विकत न घेता मासे पिकविण्याची पद्धती महाराष्ट्रात जुनीच आहे. प्रस्तुत निबंधात भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील तलावांच्या आधारे तिच्या अर्थकारणाचा आढावा घेतला आहे.

जुनी व्यवस्था : गोंड राजवटीपासून कोहळी शेतकऱ्यांनी भात व उसासाठी हे तलाव बांधले. मासेमारी धीवर समाजाकडे होती. मरळ, मांगूर या देशी जाती साठलेल्या पाण्यात स्वतःच प्रजनन करीत. पाण्यातील कीटक व लहान मासे हे त्यांचे अन्न असे. त्यामुळे बीज आणि खाद्य या दोन्हींवर रोख खर्च होत नसे.

स्थित्यंतर : १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व तलाव शासनाकडे गेले. देखभालीची पूर्वापार घडी विस्कटली आणि धीवरांच्या सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने घ्यावे लागले. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी कटक येथे संप्रेरकांच्या साहाय्याने कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. रोहू व कटला साठलेल्या पाण्यात प्रजनन करीत नाहीत. या शोधामुळे त्यांचे बीज उपलब्ध झाले. उत्पादन वाढले हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दरवर्षीची बीजखरेदीही आली. ठेक्याची रक्कम मुदतीत भरावयाची असल्याने लवकर वाढणाऱ्या जातींकडे कल वाढला. देशी मासे घटले, तलावांत बेशरम माजली.

पुनरुज्जीवन : अर्जुनी मोरगाव परिसरातील धीवर संस्थांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्याने बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावल्या. त्यामागील व्यावसायिक तर्क स्पष्ट आहे : मरळ, मांगूर जिवंत विकता येतात व त्यांना कार्पपेक्षा अधिक भाव मिळतो.

निष्कर्ष : लहान उत्पादकाचा लाभ प्रमाणपत्रापेक्षा कमी खर्चात व स्थानिक ग्राहकाच्या पसंतीत आहे. मात्र तलाव सुधारण्याचे फळ उशिरा मिळते. ठेका संपताच तलाव दुसऱ्याकडे जाणार असेल, तर हा खर्च कोणीही करणार नाही. मुळशीच्या भातपट्ट्यात असा विचार करतानाही माशाच्या जातीआधी पाण्यावरील दीर्घकालीन हक्काचा प्रश्न सोडवावा लागेल.