जन्मगावाची वाट, आईबाबांबरोबर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दत्तक म्हटलं की मराठी माणसाला आधी गादी आठवते. १८७५ साली कवळाण्याचा एक मुलगा बडोद्याला नेला आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. १८८४ साली कागलचे यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर आले आणि शाहू महाराज झाले. मुलगा कोणाचा, कुठल्या घरातला, हे सगळ्या मुलखाला ठाऊक असायचं. किंबहुना ते ठाऊक असणं हीच त्या दत्तकाची अट होती. आज ज्या मुलांविषयी बोलायचं आहे, त्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. नवं घर त्यांना पक्कं माहीत आहे, जुनं मात्र एका कागदापुरतं. आणि तो कागद हातात घेऊन नवे आईवडीलच त्यांना जुन्या गावी घेऊन जातात.

या प्रवासाची सुरुवात कोरियापासून सांगावी लागते. १९५० ते ५३ च्या युद्धानंतर तिथली अनाथालयं भरून वाहत होती. १९५५ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या हॅरी आणि बर्था होल्ट या शेतकरी दांपत्याने आठ कोरियन मुलं दत्तक घेतली. इतकी मुलं घेण्याची मुभा कायद्यात नव्हती, म्हणून अमेरिकी संसदेला त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला. पुढे होल्ट यांनी संस्थाच काढली. युद्ध संपलं, देश श्रीमंत होऊ लागला, तरी मुलं बाहेर जाणं थांबेना. १९८५ या एका वर्षात आठ हजारांवर मुलं परदेशी गेली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या वेळी पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी यावरून टोमणे मारले, तेव्हा कुठे सरकारला लाज वाटली. पण दत्तक मुलांना मायभूमी दाखवून आणणाऱ्या सहली तोवर सुरू झालेल्या होत्या. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी अशाच मोठ्या झालेल्या काही दत्तकांना आपल्या निवासस्थानी बोलावून त्यांची माफी मागितली.

सहकुटुंब जाण्याची खरी लाट आली ती मात्र चीनमध्ये.

१९८० पासून चीनने एक मूल धोरण सक्तीने राबवलं. खेड्यांत मुलगा हवा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मुलीला भरमसाट दंड. मूल टाकून देणं गुन्हा, त्यामुळे टाकणारे नाव-गाव मागे ठेवत नसत. बाजाराच्या तोंडाशी, इस्पितळाच्या पायरीवर, पोलीसचौकीजवळ, म्हणजे कोणाच्या तरी नजरेला पडेल अशा जागी पहाटे मूल ठेवायचं. कधी कपड्यात जन्मवेळेची चिठ्ठी असे. पुष्कळदा तीही नसे, मग अनाथालयच अंदाजाने जन्मतारीख ठरवी आणि नाव ठेवी. १९९२ मध्ये दत्तक कायदा अमलात आला आणि परदेशी कुटुंबांना दार उघडलं. तेव्हापासून दीड लाखाहून अधिक मुलं बाहेर गेली, त्यातली निम्म्याहून अधिक अमेरिकेत. पहिल्या काही वर्षांत तर त्या बहुतेक मुलीच होत्या.

अमेरिकी पालकांना मुलाचा व्हिसा क्वांगचौ शहरातच मिळे. तिथे पर्ल नदीच्या काठी शामियान नावाचं छोटं बेट आहे. एकेकाळी इंग्रज आणि फ्रेंचांची ती वसाहत होती. या बेटावर व्हाइट स्वॅन हॉटेल, आणि शेजारीच अमेरिकी वकिलात. त्यामुळे हे हॉटेल म्हणजे दत्तक कुटुंबांची धर्मशाळाच झाली. सकाळच्या न्याहारीला जिकडेतिकडे गोऱ्या आया आणि त्यांच्या मांडीवर चिनी बाळं. आसपासचे दुकानदार बाबागाड्या फुकट वापरायला देत, गिऱ्हाईक बांधून ठेवायला. एका खेळणी कंपनीने तर या हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी खास बाहुली काढली होती : सोनेरी केसांची बार्बी आणि तिच्या कडेवर चिनी बाळ. निघण्यापूर्वी गटातली सगळी बाळं हॉटेलातल्या एका लाल कोचावर ओळीने बसवून फोटो काढायचा, असा रिवाजच पडून गेला. त्या फोटोत निम्मी रडताना दिसतात, एखादं कोचावरून घसरत असतं.

हीच बाळं आठ-दहा वर्षांची झाली, प्रश्न विचारू लागली आणि पालकांनी पुन्हा विमानाची तिकिटं काढली. वय मुद्दाम हे निवडलं जाई. मुलीला समजू लागलेलं असतं आणि आईबाबांचा हात धरायची लाजही अजून वाटत नसते. अशा सहली नेणाऱ्या कंपन्याही उभ्या राहिल्या. आधी पेइचिंगची भिंत, मग पांडा, आणि मुलं जरा रुळली की शेवटी ते गाव. हा क्रम धंद्याचा असला तरी त्यात शहाणपण होतं, असं मला वाटतं. थेट अनाथालयाच्या दारात नेऊन उभं करण्यापेक्षा आधी हा देश सुंदर आहे हे कळू देणं बरं.

गावात काय मिळे? अनाथालयाची इमारत पुष्कळदा नवी झालेली असे. जुनी कोणी सांभाळणारी बाई भेटली तर नशीब. काही मुली अनाथालयात न वाढता जवळच्या कुटुंबात सांभाळायला दिलेल्या असत. तिथली आई भेटली की ती रडे, आणि मुलीला मात्र तिचं एक अक्षर कळत नसे. रस्त्यात लोक मुलीशी चिनी बोलत आणि ती गोऱ्या आईकडे बघे. मग फाइल निघे. त्यात बहुधा एखादं पान, एक फोटो आणि ‘सापडल्याची जागा’. दुभाष्याला घेऊन सगळं कुटुंब त्या जागी जाई. तिथे आता एखादं मोबाइलचं दुकान असे, किंवा रुंद केलेला रस्ता. बाप कॅमेरा काढी, मग आत ठेवी. त्या फाटकापाशी काय बोलायचं, हे कुठल्याच सहलीच्या पत्रकात लिहिलेलं नसतं.

या सगळ्याचा पाया एका समजुतीवर होता : मूल नाइलाजाने टाकलेलं होतं. त्या समजुतीला २००५ मध्ये पहिला तडा गेला. हुनान प्रांतातल्या हंगयांग भागातली अनाथालयं पैसे मोजून बाळं विकत घेत होती, हे उघडकीला आलं आणि पुढच्या वर्षी १० जणांना शिक्षा झाली. परदेशी पालकांकडून दर मुलामागे अनाथालयाला सुमारे तीन हजार डॉलरची सक्तीची ‘देणगी’ मिळे. जिथे मुलामागे रोकड येते तिथे मुलांची टंचाई भासू लागते, हे समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. २००९ मध्ये पत्रकार बार्बरा डेमिक यांनी आणि २०११ मध्ये चीनच्याच ‘काइशिन’ नियतकालिकाने त्याहून भयंकर प्रकार बाहेर काढला. हुनानच्याच खेड्यांत कुटुंबनियोजनाचे अधिकारी घरांत शिरून लेकरं उचलून नेत होते आणि कागदावर ती ‘बेवारस’ ठरत होती.

डेमिक यांना सापडलेल्या कुटुंबांपैकी एकाच्या जुळ्या मुली होत्या. त्यातली एक २००२ मध्ये नातेवाइकांच्या घरातून ओढून नेली गेली आणि अमेरिकेत वाढली. तिच्या दत्तक आईने प्रत्येक कागद नियमाने भरला होता आणि प्रत्येक कागदावर विश्वास ठेवला होता. २०१९ मध्ये ती आई मुलीला घेऊन हुनानच्या त्या डोंगरी खेड्यात गेली. ज्यांनी मूल टाकलंच नव्हतं, अशा आईबापांच्या दारात उभं राहायला छाती लागते. आपल्याकडे राधेय म्हटलं की कुंती आणि राधा दोघी डोळ्यांपुढे येतात, पण त्या दोघी समोरासमोर बसल्याचं चित्र काही आपल्या मनात उमटत नाही. इथे त्या बसल्या, मध्ये दुभाषा घेऊन.

यानंतरचा इतिहास भराभर सांगता येतो. एक मूल धोरण २०१६ च्या आरंभी संपलं. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने जवळचे नातेवाईक आणि सावत्र मुलं वगळता परदेशी दत्तक बंद केल्याचं जाहीर केलं. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने बनावट कागदपत्रं झाली होती आणि त्यात सरकारचाही दोष होता, असं म्हटलं. देवाणघेवाण थांबली तरी मोठी झालेली मुलं येतच आहेत. आता त्यांच्या पिशवीत फाइलबरोबर डीएनए चाचणीच्या नळ्याही असतात.

आणि आपण? लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परदेशी दत्तकाचे नियम घालून दिले. न्यायमूर्ती भगवतींचा तो निकाल. १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. त्याआधी गेलेल्या मुलांपैकी कित्येक आता चाळिशी ओलांडून गेली आहेत. ऑस्ट्रेलियाची क्रिकेटपटू लिसा स्थळेकर १९७९ मध्ये पुण्यात जन्मली आणि ससूनजवळच्या ‘श्रीवत्स’मधून नव्या आईवडिलांकडे गेली, मोठेपणी ती तिथे येऊन गेली. २०१३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्नवर तिच्या संघाने विश्वचषक जिंकला. टास्मानियात वाढलेल्या सरू ब्रायर्लीने २०११ मध्ये उपग्रहाच्या नकाशावरून खांडवा शोधून काढलं. पुढे त्याची दत्तक आईही तिथे येऊन त्याच्या जन्मदात्रीला भेटली.

आज ‘कारा’च्या नियमांत मूळ शोधण्याची तरतूद आहे. अठरा वर्षांवरची व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. त्याहून लहान असेल तर अर्ज मुलाने आणि दत्तक आईवडिलांनी मिळून करायचा. म्हणजे कागदावर तिघांची नावं. जन्म देणाऱ्या आईने गुप्तता मागितली असेल, तर तिच्या शब्दाचाही मान राखावा लागतो. मग जुनं रजिस्टर काढणाऱ्या कार्यकर्तीला समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या त्या तिघांना काय सांगायचं आणि काय नाही, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं.