परभणीच्या वाटेवर फिरते घर

परभणी, प्रतिनिधी

झोपण्याची जागा, छोटे स्वयंपाकघर आणि शौचालय सोबत घेऊन फिरणारे वाहन म्हणजे कॅरॅव्हॅन. हॉटेलांची साखळी नसलेल्या भागात असे फिरते घर विशेष उपयोगी ठरते. परभणी जिल्हा त्यापैकीच एक. मात्र या प्रवासाला निघणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी. राज्यात अत्यल्प वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत परभणीची गणना होते. येथे घनदाट अरण्य शोधू जाणाऱ्याच्या पदरी निराशा येईल. पाण्याच्या सोबतीने जाणाऱ्याला मात्र हा जिल्हा भरभरून देतो.

भूगोल

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाल्यावर परभणीत नऊ तालुके उरले. ईशान्येकडे जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगररांगा, दक्षिणेकडे बालाघाट आणि मधला सारा प्रदेश काळ्या कसदार जमिनीचा. जिल्ह्यातील जे थोडे रान शिल्लक आहे ते मुख्यतः जिंतूरच्या डोंगराळ भागात. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या प्रमुख नद्या. दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढे पूर्णा तालुक्यात कंठेश्वर येथे गोदावरीत विसर्जित होते.

पहिला टप्पा : चारठाणा आणि नेमगिरी

छत्रपती संभाजीनगरहून जालना, मंठामार्गे जिंतूरकडे येताना चारठाणा हे गाव लागते. प्राचीन मंदिरे, दीपमाळ आणि बारव यांमुळे अभ्यासकांना ते परिचित आहे. सर्वसामान्य पर्यटक मात्र फाट्यावरूनच पुढे निघून जातो. गावातील गल्ल्या अरुंद असल्याने मोठे वाहन बाहेर उभे करून पायी जाणे इष्ट. जिंतूर शहरालगतच्या टेकडीवर नेमगिरी हे जैन तीर्थक्षेत्र आहे. येथील गुहांमध्ये भगवान नेमिनाथ आणि पार्श्वनाथ यांच्या भव्य मूर्ती आहेत. पार्श्वनाथांची मूर्ती एका लहानशा दगडाच्या आधारावर जणू अधांतरी उभी असल्याने भाविकांत तिची विशेष ख्याती आहे.

दुसरा टप्पा : येलदरी

जिंतूरपासून सुमारे १५ किलोमीटरवर पूर्णा नदीवरील येलदरी धरण आहे. १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या या मातीच्या धरणाची लांबी चार किलोमीटरहून अधिक, तर पायथ्याच्या जलविद्युत केंद्राची क्षमता २२.५ मेगावॉट. येलदरी आणि त्याखालचे हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरण मिळून पूर्णा प्रकल्प होतो. परभणी, हिंगोली व नांदेड या तीन जिल्ह्यांतील शेतीला त्याचे पाणी मिळते. हिवाळ्यात जलाशयाच्या उथळ काठांवर स्थलांतरित बदके उतरतात. पहाटे मासेमारांच्या होड्या जाळी उचलायला निघतात, ते दृश्य चुकवू नये. सिद्धेश्वर पाहून पुढे औंढा नागनाथ गाठता येते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे येथील मंदिर शिल्पकामासाठी प्रसिद्ध आहे.

तिसरा टप्पा : गोदाकाठ

परभणीहून दक्षिणेला संत जनाबाईंचे जन्मस्थान असलेले गंगाखेड. गोदावरीचा घाट सायंकाळी पाहावा. पाथरी तालुक्यातील मुदगल येथे नदीपात्रात मुदगलेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. ढालेगाव, मुदगल, दिग्रस अशा बंधाऱ्यांमुळे एरवी कोरड्या पडणाऱ्या गोदापात्रात आता बराच काळ पाणी थांबते.

मुक्काम कुठे करावा?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. वाहने आणि त्यांच्या थांब्यासाठीची कॅरॅव्हॅन पार्क या दोहोंचा त्यात विचार आहे. तरीही ग्रामीण भागात खरा आधार शेतकऱ्याच्या खळ्याचा किंवा देवस्थानाच्या आवाराचा. परवानगी मागितली तर जागा सहसा नाकारली जात नाही. न विचारता तळ ठोकला तर मात्र वाद ठरलेला. धरणाच्या भिंतीवर वा प्रतिबंधित आवारात थांबण्याचा विचारही करू नये. राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

वाहन भाड्याने घेताना नोंदणी कॅरॅव्हॅन म्हणूनच झालेली आहे ना, हे पाहावे. जुन्या टेम्पोत घरगुती गॅस आणि पलंग बसवून तयार केलेली वाहने टाळावीत. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारे फेरबदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार चालत नाहीत आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

धोके

पहिला धोका पायाखालच्या मातीचा. काळी जमीन वरून सुकलेली दिसली तरी एका पावसाने चिखल होते आणि अवजड वाहन चाकाच्या तुंब्यापर्यंत रुतते. ट्रॅक्टर मागवल्याशिवाय ते निघत नाही. म्हणून मुरमाड जागाच निवडावी. दुसरा धोका पाण्याचा. डोक्यावर आभाळ निरभ्र असले तरी वरच्या धरणातून विसर्ग सुरू झाला की नदीची पातळी झपाट्याने वाढते. नदीपात्रात वा वाळूच्या बेटावर रात्र काढू नये. तिसरा धोका रस्त्यावरचा. ऊस गाळपाच्या हंगामात रात्री दिवे नसलेल्या ट्रॉल्या समोर येतात. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. गावातील खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारांकडेही उंच वाहनाच्या चालकाचे लक्ष हवे.

हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. थंडीत राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद अनेकदा परभणीत होते, त्यामुळे उबदार पांघरुणे बरोबर असावीत. डिसेंबर-जानेवारीत शेतावरचा ज्वारीचा हुरडा हा या प्रवासाचा खरा मेवा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो. पत्र्याच्या वाहनात तेव्हा राहणे असह्य होते.

पाण्याचे भान

अखेरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. येलदरीचा जलाशय हा केवळ सहलीचा तलाव नव्हे. अनेक गावांची आणि शहरांची तहान त्यावर भागते. अवर्षणाच्या वर्षी साठा तळाशी जातो तेव्हा एकेका हंड्यासाठी येथील माणसाला पायपीट करावी लागते. वाहनातील सांडपाणी वा शौचालयाची टाकी काठावर रिकामी करणे म्हणजे कुणाच्या तरी पिण्याच्या घागरीत घाण टाकणे होय. टाकी शहरातील सार्वजनिक शौचालयातच, तेथील व्यवस्थापकाला विचारून रिती करावी, कचरा परत न्यावा आणि टँकरवर जगणाऱ्या गावात वाहनाची टाकी भरून मागू नये. एवढे पाळले, तर पुढच्या खेपेला त्याच खळ्यावर आपले स्वागत होईल.